मास्तर म्हणाले, चालतंय

मोंढ्याच्या रस्त्यावरच्या मेडिकलवाल्याने मला फसवले, आणि गोळीमास्तरांनी त्याला फसवू दिले. त्यात माझी अक्का अर्धी गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी मास्तरांबद्दल बरेच चांगले लिहिणार आहे आणि ते वाचून कोणाला वाटू नये की माझा राग गेला. नुसता राग असता तर बरे होते. मी रागीट माणूस आहे, राग मला पचतो. हे पचत नाही. मास्तरांची आठवण आली की जिभेवर कडू गोळी विरघळून राहावी तसे होते. गिळवत नाही, थुंकवत नाही.

गोळीमास्तर हे कुठल्या शाळेवर मास्तर नव्हते. वसमतच्या त्या मेडिकलमध्ये ते वीसेक वर्षे फार्मासिस्ट म्हणून नोकरीला होते. मास्तर हे नाव मोंढ्यातल्या हमालांनी पाडले, कारण औषध हातात पडण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून धडा म्हणवून घ्यायचे. स्ट्रिप काउंटरवर ठेवायची, तिच्यावर आपला पंजा ठेवायचा, कधी आणि कशी घ्यायची ते एकदा सांगायचे आणि म्हणायचे, "आता तुमी म्हणा." माणूस चुकला की पंजा तिथेच. मागे रांग लागलेली, कोणाची एसटी निघालेली, कोणी कपाळाला हात लावलेला. मास्तर ढिम्म. त्यांचे म्हणणे असे, की सांगितलेले ऐकले की नाही हे ऐकणाऱ्याच्या तोंडातून कळते, मान हलवण्यातून कळत नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा मोंढ्यात हमाल होतो, पाठीवर हळदीचे कट्टे वाहत होतो. घसा सुजला होता, ताप होता. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. मी म्हणालो, दोन दिवसांच्या द्या, बरं वाटलं तर बास.

"आन् न्हाई वाटलं तर?"

"तर परत येईन की."

"परत येशील तवा आजार शिकून हुशार झाल्याला असंल. ह्या गोळीला जुमानायचा न्हाई. पाच दिवसांच्या घे, न्हाईतर एक बी घेऊ नको."

"काहून? पैसे माझे, घसा माझा."

"घासाघीस हळदीत करत जा, पोरा. हितं करायची असंल तर आजाराशी कर. तो ऐकला तर मला सांग."

मी चारचौघांत त्यांना नको ते बोललो. त्यांनी शांतपणे स्ट्रिप खणात टाकली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावले. मी स्टँडजवळच्या दुसऱ्या मेडिकलमधून दोन दिवसांच्याच गोळ्या घेतल्या, भाव पाडून घेतला म्हणून खूशही झालो. आठवड्याने आवाज बसलेला, मान वळत नाही, असा परत मास्तरांच्या काउंटरवर आलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "या शेठ. सौदा कितीला बसला?" तेव्हा मला कोणी शेठ म्हणत नव्हते. पहिल्यांदा ती पदवी मला टोमणा म्हणून मिळाली.

पुढे मी हमालाचा मापाडी झालो, मापाड्याचा आडत्या झालो, माझी स्वतःची गादी झाली. मास्तर मला 'पोरा' सोडून सोपानराव म्हणू लागले. औषधाला मात्र त्यांनी मला कधी सवलत दिली नाही, पंजा कधी लवकर उचलला नाही. मीही त्यांच्याशिवाय कुठून गोळी घेतली नाही. मी माणसांवर विश्वास ठेवत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले हळकुंड वर काढतो, मोडून पाहतो, दाताखाली धरतो, मग भाव बोलतो. मास्तर माझ्यासारखेच वाटायचे. तेही दाताखाली धरून पाहणारे.

एकदा एक बाई पिशवी घेऊन आली. अंग कणकण करते, सर्दी आहे, डोके ठणकते. तीन दुकानांतून तीन गोळ्या घेतल्या होत्या आणि चौथी मागत होती. मास्तरांनी तिच्या पिशवीतल्या तिन्ही स्ट्रिपा शेजारी शेजारी मांडल्या आणि मला हाक मारली. "सोपानराव, हे बघा. नावं तीन, रंग तीन, आत माल एकच. तापाचीच गोळी तिन्हींत." मग बाईकडे वळले. "बाई, एकाच घरात तीन सोयरिका करून राहिल्या तुमी. असं आठ दिवस खाल्लं तर काळीज धड राहील, पण काळजाखालचं लिव्हर बसंल." बाई हसली. मग तिचा चेहरा उतरला, कारण ती पाच दिवस खातच होती. मास्तरांनी तिला एक गोळी विकली नाही. चिठ्ठी लिहून डॉक्टरकडे धाडले, आणि गिऱ्हाईक काही न घेता गेले म्हणून दुकानाच्या मालकाने, शेठने, मागून डोळे वटारले ते मी पाहिले.

औषधाच्या बाटलीवर दोन चमचे लिहिलेले असले की ते विचारायचे, "चमचा कोणता?" आपल्याकडे चमच्याला काही माप आहे का? कोणाचा चहाचा, कोणाचा भाजीचा. एका आजोबांनी नातवाला खोकल्याचे औषध देवपूजेच्या पळीने पाजले होते आणि लेकरू दिवसभर झोपून राहिले होते. तेव्हापासून मास्तर बाटलीच्या टोपणावर पेनने खूण करून द्यायचे. गोळ्या देवळीत ठेवू नका, तिथे दिवा जळतो. शेजारणीला बरे वाटले म्हणून तिची गोळी खाऊ नका. डोळ्यांत घालायचे थेंब एकदा फोडले की महिन्याने फेकून द्या, अर्धी बाटली उरली म्हणून जीव अडकवू नका. स्ट्रिप कापताना तारीख असलेला तुकडा ते गिऱ्हाइकाला द्यायचे आणि उरलेल्या तुकड्यावर तारीख स्वतःच्या हाताने लिहायचे. हे सगळे सांगायचे ते दमात, आईबापासारखे, थोडे अपमान करत. लोक चिडायचे आणि पुन्हा तिथेच यायचे.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच होती. ते उपास विचारायचे. "डॉक्टर आजार विचारतो, मी जेवण विचारतो," असे म्हणायचे. आपल्या भागात गोळीच्या पाकिटावर 'जेवणानंतर' लिहिले की माणूस उपासाच्या दिवशी गोळीच घेत नाही, कारण जेवणच नाही. नाहीतर उलट, गोळी चुकवू नका असे सांगितले की पोटात पाण्याचा थेंब नसताना गोळी ढकलतो. साखरेच्या माणसाला हे दोन्ही वाईट. म्हणून मास्तरांनी एक वही केली होती. साखरेच्या प्रत्येक पेशंटच्या नावापुढे त्याचे वार. सोमवार, चतुर्थी, एकादशी. आमच्या मोंढ्यातल्या हमीदभाईच्या नावापुढे रोजे. गरज पडली की डॉक्टरला चिठ्ठी लिहायचे, हा माणूस अमुक दिवशी उपाशी असतो, त्या दिवशी गोळीचे काय करायचे ते लिहून द्यावे. एका डॉक्टरने चिठ्ठीमागे लिहून पाठवले, 'दवाखाना तुम्हीच टाका.' मास्तरांनी ते वाचून दाखवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चिठ्ठी पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले.

अक्काला साखर निघाली तेव्हा मी तिला त्यांच्याकडे नेले. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले, लोकांच्या खळ्यावर हळद निवडून. माझी गादी झाल्यावरही तिने निवडणे सोडले नाही. डोळे मिटून लांब हळकुंड आणि गोल गठ्ठा नुसत्या बोटांनी वेगळे करायची. तोंड माझ्याहून तिखट.

"बाई, वार कोणता धरता?" मास्तरांनी विचारले.

"गोळ्या इकता का पंचांग?" अक्का म्हणाली.

"दोन्ही. वार सांगा."

"सोमवार. औंढ्याच्या महादेवाचा. निरंकार, दिवसभर पोटात काही न्हाई, संध्याकाळी सोडते."

मास्तरांनी लिहून घेतले. म्हणाले, ही गोळी एकटी असली तर साखर फारशी खाली पाडत नाही, डॉक्टरला विचारून सोमवार चालू ठेवा. "पण गोळी बदलली, का दुसरी जोडून दिली, तर उपास धरायच्या आधी मला इचारायचं. आधी मी, मंग महादेव." अक्काने गालावर चापट्या मारून घेतल्या, पण ते वाक्य तिला आवडले. घरी येऊन तिने सगळ्यांना सांगितले. पुढची किती वर्षे ती कुठलीही नवी गोळी आली की पदराला गाठ मारावी तशी ती गोष्ट लक्षात ठेवून मला पाठवायची. "मास्तरांना इचारून ये."

गेल्या श्रावणात डॉक्टरने तिला नवी गोळी जोडून दिली. रविवार होता. अक्का म्हणाली, "उद्या सोमवार हाय. मास्तरांना इचारून ये." मी गेलो. काउंटरवर शेठचा मेव्हणा होता. भिंतीवर मास्तरांचे प्रमाणपत्र, नेहमीच्या चौकटीत. त्याआधीचे काही महिने मी गेलो की मास्तर कधी जेवायला गेलेले, कधी बँकेत. मोंढ्यात हंगाम होता, मलाही घाई असायची.

"मास्तर कुठं हायेत?"

"आत. जेवून राहिलेत."

"त्यांना इचार, ही नवी गोळी अक्काला दिलीय. उद्या तिचा सोमवार हाय, निरंकार. गोळी घ्यायची का न्हाई?"

मेव्हण्याने स्ट्रिप घेतली आणि मागच्या पडद्याआड गेला. आतून हलका बोलण्याचा आवाज आला. एकदा 'व्हय व्हय' ऐकू आले. मग तो बाहेर आला. "मास्तर म्हणले, चालतंय. सकाळी घ्या, उपास धरा. काय होत न्हाई." बिलावर मास्तरांच्या नावाचा शिक्का मारून दिला. मी घरी येऊन अक्काला सांगितले, मास्तर म्हणाले, चालतंय. तिने विचारले, "तूच इचारलंस ना?" मी म्हणालो, "व्हय."

सोमवारी सकाळी गोळी घेऊन ती गोदामात निवडायला बसली. दुपार टळल्यावर तिला घाम फुटला. हात थरथरू लागले. हळकुंडे गठ्ठ्यांत टाकू लागली. मला आईच्या नावाने हाक मारली. शेजारी बसलेल्या पारूबाईने कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. मी ओरडलो, "साखरवाली बाई हाय ती! मारून टाकतेस का?" आणि तो खडा मी माझ्या हाताने हिसकावून घेतला. चहा आणला होता तोही परत पाठवला, बिनसाखरेचा आणा म्हणालो. उपासाने थकली असेल, पडू द्या, म्हणून पंख्याखाली झोपवले. दिवेलागणीला उपास सोडायला उठवायला गेलो तर ती उठेना.

नांदेडच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचून पाहिले आणि डॉक्टर माझ्याकडे वळले. साखर पार तळाला गेली होती. "ही गोळी घेऊन दिवसभर उपाशी? घाम आला तेव्हा साखर का नाही दिली? चमचाभर साखर पुरली असती. शुद्धीत होती तोवर एक गुळाचा खडा पुरला असता." कोणी सांगितले होते ही गोळी घेऊन उपास करा म्हणून, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, मास्तरांनी.

अक्का चौथ्या दिवशी डोळे उघडून बोलली. पण फार वेळ मेंदूला साखर मिळाली नव्हती. माणसे ओळखते, नावे अदलाबदल करते. सकाळचे दुपारी आठवत नाही. मूठभर हळद हातावर दिली तर बोटे नुसती फिरत राहतात.

मी दवाखान्यातून थेट मेडिकलवर गेलो आणि तो पडदा ओढून खाली काढला. आत खोकी होती, तुटका पंखा होता, एक स्टूल होते.

"मास्तर कुठंय?"

मेव्हण्याने सांगितले, ते गावी असतात. वर्ष होत आले.

"मंग रविवारी आत कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशीच न्हाई."

"मी आवाज ऐकला. व्हय व्हय म्हणलास."

तो खाली बघून म्हणाला, "तसं केलं का गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

मी आयुष्यात पुष्कळ लबाड पाहिले. भिजवलेली हळद वाळलेली म्हणून विकणारे पाहिले, दोन-चार हंगामांत मीही तसा माल पुढे ढकलला आहे, ते झाकत नाही. पण रिकाम्या खोलीत उभे राहून स्वतःशी व्हय व्हय म्हणणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. त्याला मारायलासुद्धा हात उचलावासा वाटला नाही, हात बाटला असता.

मास्तरांचे गाव सिद्धेश्वरच्या धरणाकडे आहे. दुसऱ्या दिवशी गेलो. ओट्यावर खुर्चीत बसले होते, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मला पाहून उठायला गेले, जमले नाही. "या सोपानराव, अक्का बऱ्या हायेत ना?" मी सांगू लागलो. गोळीचे नाव काढताच त्यांचा चेहरा बदलला. मी सोमवार म्हणायच्या आत ते म्हणाले, "अरे देवा, सोमवार." म्हणजे दहा कोसांवर खुर्चीत बसून त्यांना जे एका क्षणात कळले, तेवढेच त्या पडद्यामागे कळायला हवे होते.

"मास्तर, त्या दुकानातून तुमाला अजून पैसे येतात?"

"येतात."

"कशाचे?"

"कागदाचे," ते म्हणाले. "गुडघे गेले, सोपानराव. दिवसभर उभं राहवंना. शेठ म्हणला, तुमी घरी बसा, कागद तेवढा भिंतीवर राहू द्या. तपासणीला साहेब आले तर गाडी धाडतो. दोनदा गेलो बी."

"आन् वही?"

"वही दुकानातच ठिवली. म्हणलं, ते लोक बघून इचारतील."

"कुणी इचारलं न्हाई."

"सगळेच करून राहिलेत, सोपानराव. ह्या जिल्ह्यात कितीक दुकानांत कागद एकाचा आन् हात दुसऱ्याचा."

या वाक्यावर माझा जीव विटला. सगळेच करतात, हे मी मोंढ्यात रोज ऐकतो, रोज बोलतो. पण ज्या माणसाने मला दोन दिवसांच्या गोळ्या विकल्या नाहीत, ज्याने त्या बाईला चौथी गोळी दिली नाही, त्याच्या तोंडून मला ते ऐकायचे नव्हते. शेठ चोर आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, त्याच्या पोत्यात मी हात घातलाच असता. मी घातला नाही तो मास्तरांच्या नावामुळे. त्यांनी वीस वर्षे खपून माझ्यासारख्या संशयी माणसाचा विश्वास कमावला आणि मग तो महिन्याच्या भाड्याने दिला.

ते रडले. मी पाहत बसलो. त्यांच्या बायकोने पाणी आणले ते मी प्यालो नाही.

तक्रार मी केली. दुकान काही दिवस बंद राहिले आणि उघडले. आता भिंतीवर दुसरी चौकट आहे, दुसरे नाव आहे. त्या नावाचा माणूस काउंटरवर मी अजून पाहिलेला नाही. मास्तरांचा कागद त्यांच्या घरी परत गेला. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, माफ करा म्हणून. निरोप आणणाऱ्याला मी चहा पाजला आणि उत्तर दिले नाही.

माझ्या गोदामात आता साखरेची बरणी आहे. निवडायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारतो, साखर आहे का, वार कोणता धरता. घाम फुटून हात थरथरले, बोलणे चळले, तर माणूस शुद्धीत आहे तोवर आधी साखर, मग दवाखाना, हे त्यांच्याकडून म्हणवून घेतो. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, गाडी बोलवायची. पारूबाई माझ्याकडे न बघता म्हणते. तिने मला त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेही मला सहन होत नाही.

आणि अक्का. तिला कालचे आठवत नाही, पण कसे कोण जाणे, रविवार तिला कळतो. दिवे लागले की ती अंथरुणातून विचारते, "सोपाना, मास्तरांना इचारलंस का?" मी विचारले म्हणालो तर खोटे होते. नाही म्हणालो तर ती उठून बसते, चप्पल शोधते. दर रविवारी हेच.

मास्तर, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे मागितले जाते, पण ते तुम्ही द्यायचे आहे. निरोप नको, चिठ्ठी नको. गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तपासणीला येत होतात, तसे या. तुमच्या गावावरून वसमतला एसटी आहे. येत्या रविवारी दिवे लागायच्या आत या, अक्काच्या खाटेपुढे बसा, आणि ती विचारील तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहून उत्तर द्या.